एक आखूड गुणसूत्र आणि न थांबणाऱ्या पेशी

पोटाच्या डाव्या बाजूला जडपणा, चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटणं, थोडा थकवा, थोडं उतरलेलं वजन. पुष्कळदा एवढंही नसतं. विम्याच्या तपासणीसाठी किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केली जाते आणि पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून लॅबवाले नमुना पुन्हा मशीनला लावतात. एका मायक्रोलिटरमध्ये चार ते अकरा हजार असायला हव्यात, तिथे दीड-दोन लाख निघतात. समोर बसलेला माणूस मात्र चालत आलेला असतो, बहुधा कामावरूनच.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाची, म्हणजे सीएमएलची, ही नेहमीची सुरुवात. लाखामागे वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच होणारा हा रक्ताचा कर्करोग. तरीही पेशींचं अनियंत्रित विभाजन म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला याच्याइतकं स्वच्छ प्रकरण दुसरं नाही. बहुतेक कर्करोगांत बिघडलेल्या जनुकांची भलीमोठी यादी असते आणि मूळ दोषी कोण यावर वाद चालतो. इथे दोषी एकच आहे आणि तो सापडून साठ वर्षांहून जास्त काळ लोटला. त्याला रोखलं की काय होतं, हेही माणसांवर पाहून झालं आहे.

आधी एक समज दुरुस्त करायला हवा. कर्करोगाच्या पेशी "भराभर वाढतात", असं आपण सगळेच म्हणतो. शाळेच्या पुस्तकातही जवळपास तसंच असतं. पण वेगाचाच प्रश्न असता तर आपल्या आतड्याचं अस्तर हा सर्वांत मोठा कर्करोग ठरला असता, कारण ते दर चार-पाच दिवसांनी जवळजवळ पूर्ण बदलतं. अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो, निरोगी माणसात रोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी तयार करते आणि त्याशिवाय न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दहा हजार कोटींच्या आसपास. केमोथेरपीत केस गळतात, तोंड येतं, पेशी घटतात त्याचं कारणही हेच. ती औषधं विभागणाऱ्या पेशींना मारतात आणि शरीरात सतत विभागणाऱ्या चांगल्या पेशी भरपूर आहेत.

म्हणजे विभाजन होणं हा रोग नव्हे, वेगाने होणं हाही नव्हे. निरोगी मज्जेत प्रत्येक विभाजनामागे कोणाचा तरी निरोप असतो. न्यूमोनिया झाला की शरीर वाढीचे संदेश देणारी प्रथिनं रक्तात सोडतं, मज्जेतल्या पेशी ती आपल्या पृष्ठभागावर झेलतात आणि आकडा पंधरा-वीस हजारांवर जातो. संसर्ग आटोक्यात आला की निरोप थांबतो. नव्या पेशी तयार होणं मंदावतं, जुन्या ठरलेल्या वेळी मरतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आकडा जागेवर येतो. पेशी विभागण्यापूर्वी आतही तपासण्या असतात: डीएनएची प्रत नीट उतरली का, गुणसूत्रं दोन्हीकडे सारखी वाटली जातील का. काही चुकलं असेल तर काम थांबतं, दुरुस्ती होते. ती जमली नाही तर पेशी स्वतःला संपवते. ही तपासणीची यंत्रणा उलगडल्याबद्दल लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना 2001 चं नोबेल मिळालं.

सीएमएलमध्ये या साखळीचा एकच दुवा तुटतो. निरोप कोणी पाठवत नाही, पण पेशीला तो मिळतच राहतो.

हा दुवा हाती लागला तो एका निष्काळजीपणातून, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. पीटर नॉवेल 1956 मध्ये फिलाडेल्फिया शहरातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रुजू झाले आणि ल्युकेमियाच्या पेशी काचपट्टीवर वाढवून पाहू लागले. पेशी धुवायला ठरावीक क्षारांचं द्रावण वापरायचं असतं. त्यांनी नळाच्या पाण्याने धुतल्या. साध्या पाण्याने पेशी फुगल्या, विभागत असलेल्या पेशींमधली गुणसूत्रं एकमेकांपासून सुटी झाली आणि सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळी दिसू लागली. माणसाची गुणसूत्रं 46 असतात हेसुद्धा नक्की झालं होतं ते त्याच वर्षी, यावरून त्या वेळची परिस्थिती लक्षात यावी. नॉवेल यांना गुणसूत्रांतलं फारसं कळत नव्हतं. शहरातल्याच दुसऱ्या संस्थेत डेव्हिड हंगरफोर्ड नावाचा विद्यार्थी गुणसूत्रांवर प्रबंध करत होता, त्याला त्यांनी सोबत घेतलं. सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत हंगरफोर्ड यांना एक गुणसूत्र वारंवार आखूड दिसलं. 1960 मध्ये सायन्स नियतकालिकात दोघांची अगदी छोटी नोंद आली: सात रुग्ण, सातही जणांत तेच आखूड गुणसूत्र. शहराच्या नावावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणू लागले.

कर्करोगात गुणसूत्रं बिघडतात, हे जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी 1914 मध्येच मांडलं होतं. पण बिघडलेली गुणसूत्रं हे कर्करोगाचं कारण की परिणाम, यावर एकमत नव्हतं आणि बहुतेकांचा कल परिणामाकडे होता. पेशी वेड्यावाकड्या विभागल्या की गुणसूत्रांची मोडतोड होणारच, असा त्यांचा सरळ हिशेब. फिलाडेल्फिया गुणसूत्राने तो हिशेब बिघडवला. वेगवेगळ्या माणसांत मोडतोड झाली, तर ती दर वेळी एकाच जागी कशी होईल?

आखूड गुणसूत्राचा हरवलेला तुकडा गेला कुठे, हे कळायला आणखी तेरा वर्षं लागली. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी ऑक्सफर्डमध्ये गुणसूत्रं रंगवण्याची नवी पद्धत शिकून घेतली होती. त्यात प्रत्येक गुणसूत्रावर आडवे पट्टे उमटतात आणि त्यांवरून ते ओळखता येतं. मुलं लहान असल्याने त्या अर्धवेळ काम करायच्या. गुणसूत्रांचे फोटो घरी आणून, कापून, जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत बसायच्या. आई कागदी बाहुल्या खेळतेय, म्हणून मुलं चिडवायची. 1973 मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की 22 क्रमांकाचं गुणसूत्र जेवढं आखूड झालंय, साधारण तेवढंच 9 क्रमांकाचं लांबलंय. तुकडा हरवलाच नव्हता. दोन गुणसूत्रांनी आपली टोकं एकमेकांशी बदलली होती. पट्ट्यांतला एवढासा फरक पकडण्यासाठी लागणारी चिकाटी मला तरी नॉवेल यांच्या नळाच्या पाण्यापेक्षा मोठी वाटते, पण गोष्ट रंगते ती नळाचीच.

टोकांची ही अदलाबदल जिथे होते तिथे दोन जनुकं असतात. 9 क्रमांकाच्या गुणसूत्रावर एबीएल आणि 22 वर बीसीआर. तुटून जोडल्यावर दोघांचं एक संकरित जनुक बनतं, बीसीआर-एबीएल, आणि त्यावरून पेशी असं प्रथिन तयार करते जे निसर्गतः कुठेच नसतं. एबीएल हे टायरोसिन कायनेज प्रकारचं एन्झाइम आहे. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनांवर चिकटवायचा, एवढंच त्याचं काम. फॉस्फेट लागला की पुढचं प्रथिन जागं होतं, ते त्याच्या पुढच्याला जागं करतं आणि निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतो: वाढ, विभाग, मरू नकोस. निरोगी पेशीत एबीएल बहुतांश वेळ स्वतःच स्वतःला बांधून बसलेलं असतं. तुटताना त्याचा हा बांधून ठेवणारा भाग गळतो. शिवाय बीसीआरच्या तुकड्यामुळे ही प्रथिनं एकमेकांना चिकटून घोळके करतात आणि परस्परांना जागं ठेवतात. दारावरच्या बेलचं बटण आत अडकून बसावं तसं हे आहे. बाहेर कोणी नाही, तरी घरातलं माणूस पुन्हा पुन्हा दार उघडायला उठतंय.

निरोपातला "मरू नकोस" हा भाग सहज नजरेतून सुटतो. सीएमएलच्या पहिल्या टप्प्यात एकेक पेशी निरोगी पेशीपेक्षा फार वेगाने विभागते असं नाही. ज्यांनी थांबायला हवं त्या पेशी आणखी काही वेळा विभागतात आणि ज्यांनी मरायला हवं त्या रेंगाळतात. दोन्हींची बेरीज साठत साठत दोन लाखांवर जाते. ज्या एका स्टेम सेलमध्ये, म्हणजे बाकीच्या रक्तपेशी जिच्यापासून बनतात त्या मूळ पेशीत, ही अदलाबदल झाली, तिचीच संतती हळूहळू सगळी मज्जा व्यापते. जागा उरली नाही की पेशी प्लीहेत जाऊन बसतात. डाव्या बरगडीखालचा जडपणा येतो तो तिथून.

या टप्प्यातली आणखी एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. रक्ताच्या थेंबात पांढऱ्या पेशींच्या वाढीच्या सगळ्या पायऱ्या दिसतात, अगदी कोवळ्यापासून पूर्ण वाढलेल्या न्यूट्रोफिलपर्यंत, आणि त्या वाढलेल्या पेशी बऱ्यापैकी कामही करतात. म्हणून हा माणूस चालत येतो, त्याला सतत संसर्ग होत नाहीत. विभाजनावरचा ताबा सुटलाय, पण पेशी मोठी होऊन आपलं काम शिकण्याची वाट अजून शाबूत आहे. औषधाविना ठेवलं तर साधारण तीन ते पाच वर्षांत तीही वाट बंद होते. नव्या चुका साठतात, पेशी कोवळ्या अवस्थेतच अडकतात आणि रक्तातल्या किंवा मज्जेतल्या पेशींपैकी वीस टक्के किंवा त्याहून जास्त अशा अर्धकच्च्या ब्लास्ट पेशी झाल्या की त्याला ब्लास्ट क्रायसिस म्हणतात. तिथून पुढे पूर्वी काही महिनेच हाती असायचे. ताबा सुटलेलं विभाजन हे कर्करोगाचं दार आहे. जीव घेतो तो पुढचा बिघाड, आणि तो घडतो कारण न थांबता विभागणाऱ्या पेशींना चुका करायच्या संधीही जास्त मिळतात. नॉवेल यांनीच 1976 मध्ये ही कल्पना नीट मांडली: एका पेशीची संतती, तिच्यात साठत जाणारे बदल आणि त्यांतून टिकून राहणारे वरचढ वंश.

ही अदलाबदल मुळात का होते? आईवडिलांकडून ती येत नाही. मुलांना देता येत नाही. मोठ्या मात्रेतल्या किरणोत्साराचा संबंध सिद्ध आहे, हिरोशिमातून वाचलेल्यांत हा रोग वाढलेला आढळला. बाकी बहुतेक रुग्णांत काहीच कारण सापडत नाही. "माझं काय चुकलं" या प्रश्नाला इथे प्रामाणिक उत्तर आहे: काही नाही. अतिसंवेदनशील तपासणी केली तर अगदी ठणठणीत माणसांच्या रक्तातही बीसीआर-एबीएलचा पुसटसा अंश कधीकधी मिळतो. त्यांना रोग होत नाही. ज्या पेशीचे दिवस भरत आले आहेत तिच्यात चूक झाली, तर ती पेशीबरोबरच संपते. स्वतःला पुन्हा पुन्हा निर्माण करू शकणाऱ्या स्टेम सेलमध्ये झाली, तर तिला भविष्य मिळतं.

संशय पक्का होता, पण गुन्हा सिद्ध व्हायचा होता. 1990 मध्ये जॉर्ज डेली, रिचर्ड व्हॅन एटन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी उंदरांच्या मज्जेत हे एकच संकरित जनुक घातलं आणि उंदरांना सीएमएलसारखा आजार झाला. आता उलटा प्रयोग बाकी होता. हे प्रथिन बंद पाडलं तर रोग मागे हटतो का?

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा-गायगी या औषध कंपनीत (पुढे विलीनीकरणातून ती नोव्हार्टिस झाली) निकोलस लिडन, ॲलेक्स मॅटर आणि युर्ग झिमरमान कायनेज अडवणाऱ्या रेणूंवर काम करत होते. एटीपी ज्या खोबणीत बसतो तिथे जाऊन बसेल असा रेणू त्यांना हवा होता. अनेक जाणकारांना हा वेडेपणा वाटे, कारण शरीरात शेकडो कायनेज आहेत आणि सगळ्यांची खोबण सारखीच दिसते; एकाला अडवताना बाकीचीही अडतील. ओरेगनचे डॉक्टर ब्रायन ड्रकर यांनी यातला एक रेणू सीएमएलच्या पेशींवर वापरून पाहिला. 1996 मध्ये निष्कर्ष आले: बीसीआर-एबीएल असलेल्या पेशी मेल्या, निरोगी पेशींना फारसं काही झालं नाही. हा रेणू म्हणजे इमॅटिनिब. रोगी इतके कमी, की गुंतवलेला पैसा निघेल का, अशी कंपनीत धाकधूक होती. ड्रकर मागे लागून राहिले. जून 1998 मध्ये पहिल्या रुग्णाला गोळी मिळाली. रोज 300 मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेतलेल्या 54 रुग्णांपैकी 53 जणांचं रक्त पूर्ववत झालं, बहुतेकांचं चार आठवड्यांच्या आत. ही सगळी मंडळी इंटरफेरॉन हे त्या काळचं औषध लागू न पडलेली होती. मे 2001 मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. पुढे 1,106 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत इमॅटिनिब घेणाऱ्यांपैकी 83 टक्के दहा वर्षांनंतर हयात होते.

एखादी गोष्ट कारण आहे हे सिद्ध करायचं तर ती घातल्यावर रोग व्हावा आणि काढल्यावर जावा. कर्करोगात हे इतक्या स्पष्टपणे फार क्वचित जमलंय. ब्लास्ट क्रायसिसमधल्या रुग्णांचे निकाल मात्र तितकेच बोलके. निम्म्याहून अधिकांना सुरुवातीला गुण आला, पण बऱ्याच जणांचा रोग काही महिन्यांत परतला. एकच बटण अडकलेलं असताना ते सोडवता येतं. दहा ठिकाणी बिघाड झाल्यावर पहिलं बटण सोडवून भागत नाही.

पहिल्या टप्प्यातही काहींमध्ये औषध चालेनासं होतं. चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने 2001 मध्ये दाखवलं, की अशा काही रुग्णांत एबीएलमधल्या 315 क्रमांकाच्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आलेलं असतं. एक अमिनो आम्ल बदललं आणि औषधाला खोबणीत बसता येईना. औषध हा बदल घडवत नाही. लाखो पेशींत एखादीत तो आधीच असतो. बाकीच्या औषधाने मेल्यावर तिला मैदान मोकळं मिळतं. मध्येच गोळ्या सोडणं, दिवसाआड घेणं हे या आजारात महागात पडतं. त्यामुळे पेशींना पुन्हा विभागायला वेळ मिळतो आणि प्रत्येक विभाजनात नव्या चुकीची शक्यता असते. पुढे डॅसॅटिनिब, निलोटिनिब आली आणि 315 च्या बदलालाही पुरून उरणारं पोनॅटिनिब आलं.

दिवसाआड गोळी घेणारा प्रत्येक जण निष्काळजी असतो असं नाही. या रोगाची भारतातली हकिकत किमतीशिवाय सांगताच येत नाही. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेकचा, म्हणजे कंपनीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या इमॅटिनिबचा, महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. हे औषध वर्षानुवर्षं रोज घ्यायचं असतं. नोव्हार्टिसने इमॅटिनिब मेसिलेटच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितलं होतं. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने आणि काही औषध कंपन्यांनी त्याला हरकत घेतली. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने जानेवारी 2006 मध्ये अर्ज फेटाळला आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. कायद्याच्या कलम 3(ड) नुसार, जुन्याच औषधाच्या नव्या रूपाला त्याची परिणामकारकता वाढल्याचं दाखवल्याशिवाय पेटंट मिळत नाही. कंपनीची बाजूही नोंदवली पाहिजे: तिच्या मोफत योजनेतून भारतात हजारो रुग्णांना हे औषध मिळत होतं. पण आयुष्यभराची गोळी कोणाच्या मर्जीवर अवलंबून असणं आणि ती गावच्या मेडिकलमधून विकत घेता येणं यात फरक आहे. त्यातून भारतीय रुग्णालयांच्या नोंदींत या रुग्णांचं मध्यम वय पस्तीस-चाळिशीच्या आसपास आहे, पश्चिमेत ते साठीच्या घरात. आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्यामागचं एक कारण. कारण काहीही असो, ही कमावती माणसं आहेत.

सुरुवातीला वेगाबद्दल जे म्हटलं त्याचा सर्वांत ठोस पुरावा गोळीच्या मर्यादेत आहे. इमॅटिनिबने रक्त स्वच्छ होतं, गुणसूत्रांच्या तपासणीत फिलाडेल्फिया दिसेनासं होतं, पीसीआर या जनुकाचा अगदी पुसट अंशही शोधणाऱ्या तपासणीत बीसीआर-एबीएलचं प्रमाण 0.1 टक्क्याखाली जातं. तरी मज्जेत खोलवर काही ल्युकेमिक स्टेम सेल शिल्लक राहतात. त्या क्वचितच विभागतात, बराच काळ निपचित असतात आणि जगण्यासाठी बीसीआर-एबीएलवर विसंबूनही नसतात. म्हणून बटण बंद केल्याने त्या मरत नाहीत. या रोगाचं मूळ जपून ठेवणाऱ्या पेशी या अख्ख्या गोतावळ्यात सर्वांत कमी विभागणाऱ्या आहेत.

मग गोळी कधी थांबवायची? फ्रान्समध्ये फ्रान्स्वा-झाव्हिए माहों यांच्या गटाने निदान दोन वर्षं पीसीआरमध्ये काहीच न सापडलेल्या शंभर रुग्णांचं इमॅटिनिब थांबवून पाहिलं. वर्षभरानंतर सुमारे चाळीस टक्के जण गोळीविना रोगमुक्त होते. ज्यांचा रोग परतला त्यांचा बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर जवळपास सगळ्यांना पुन्हा गुण आला. पुढच्या अभ्यासांत असेही रुग्ण दिसले, ज्यांच्या रक्तात बीसीआर-एबीएलचा पुसट अंश अधूनमधून सापडतो, पण आकडा वाढत नाही. त्यांच्या शरीरात त्या पेशींना कोण रोखून धरतंय, यावर काम चालू आहे. प्रतिकारशक्तीतल्या नॅचरल किलर पेशींवर बऱ्याच जणांची नजर आहे.

गोळी थांबवायची ती मात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि सुरुवातीला दर महिन्याला भरवशाच्या लॅबमधून पीसीआर होणार असेल तरच. गोळी स्वस्त झालेल्या कित्येक जिल्ह्यांत ही तपासणी अजून मुंबई-पुण्याला नमुना पाठवूनच करावी लागते, आणि नेमक्या याच कारणासाठी तिथले डॉक्टर गोळी चालू ठेवायला सांगतात.